पाहुण्यांची यादी आणि मालवणची पंगत

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या बडोद्याच्या स्नेहीमंडळातील एका कुटुंबाने मालवणला जाण्याचा बेत केला आणि जाण्यापूर्वी एक छापील पत्रक आमच्यापुढे आणून ठेवले. 'मालवण : दोन दिवस, दहा गोष्टी' असे त्याचे शीर्षक होते. वकिलाच्या हाती कागद आला की तो कलमवार वाचण्याची खोड काही सुटत नाही. तसा तो आम्ही वाचला. पाच गोष्टी खाण्याच्या आणि पाच करण्याच्या. खाण्याच्या म्हणजे सुरमईची थाळी, तळलेले पापलेट, कोळंबी, कोंबडी-वडे आणि सोलकढी. करण्याच्या म्हणजे स्कुबा, पॅराशूटला बांधून घेऊन समुद्रावर उडणे, देवबागेजवळचे सुनामी बेट, डॉल्फिन आणि किल्ल्यावर होडीने जाऊन तासाभरात परत येणे. एवढे केले की मालवण झाले! पत्रक लिहिणाराने शेवटी तसे आश्वासनही दिले होते.

यात खोटे असे एकही वाक्य नाही, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. सुरमई मालवणात मिळते, स्कुबाही होतो. आमची तक्रार वेगळी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमाखाली असे स्पष्टीकरण आहे की निव्वळ मौन म्हणजे कपट नव्हे. परंतु बोलण्याचे कर्तव्य ज्याच्यावर असते त्याचे मौन मात्र कपटच होय. पाहुण्याला गावात कसे जावे, केव्हा जावे आणि काय खावे हे सांगण्याचे काम ज्याने आपण होऊन पत्करले, त्याच्यावर बोलण्याचे कर्तव्य येते की नाही? आणि त्याने जे सांगितले नाही त्याचा परिणाम कोणावर होतो? केवळ पाहुण्यावर होत असता तर आम्ही लेखणी उचलली नसती.

आमचे स्नेही गेले ते ज्येष्ठाच्या अखेरीस, म्हणजे जून मध्यावर असताना. पत्रकात महिना दिलेला नव्हता, तिथी तर नव्हतीच. पावसाळ्यात सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्या बंद असतात. किनाऱ्यावर उभे राहून किल्ल्याकडे पाहावे लागले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तरीही सुरमईची थाळी मात्र मागितल्याबरोबर पुढे आली! ती कोठली, किती दिवसांची, बर्फात किती मुक्काम करून आलेली, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. चार दिवसांनी मंडळी परत आली आणि आम्हांस म्हणाली, "वकीलसाहेब, तुमच्या मालवणात विशेष काही नाही हो."

विशेष काही नाही! त्या चार दिवसांत मालवणच्या घराघरांतून काय शिजत होते? पहिल्या पावसाबरोबर उगवलेल्या टायकाळ्याची भाजी होती, अळू होते, शेवग्याचा पाला होता. वैशाखात खारवून बरणीत ठेवलेले फणसाचे गरे होते, आंब्याची साटे होती. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तिच्याबरोबर लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा होता. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या होत्या. यांतील एकही पदार्थ दहा गोष्टींच्या यादीत नाही, म्हणून तो हॉटेलाच्या फळ्यावर नाही. फळ्यावर नाही म्हणून पाहुणा मागत नाही. पाहुणा मागत नाही म्हणून फळ्यावर येत नाही. हे चक्र एकदा फिरू लागले की गावच्या स्वयंपाकाची आठवण घरातील वृद्ध स्त्रीबरोबर संपते. सारस्वत महिला समाजाने १९४३ साली 'रसचंद्रिका' मराठीत छापली ती कशासाठी? आपल्या किनाऱ्यावरचे अन्न कागदावर राहावे, नव्या सुनेला ते शोधावे लागू नये, म्हणूनच की नाही? पाऊणशे वर्षे उलटल्यावर त्याच किनाऱ्याचे वर्णन पाच पदार्थांत उरकणाऱ्याला माहितीचा अभाव ही सबब देता येणार नाही.

येथे एक गैरसमज दूर केलाच पाहिजे, कारण आमच्या वाचकांतच तो फार. हा शाकाहार-मांसाहाराचा वाद नव्हे. या मासिकाच्या वाचकांत मत्स्याहारी कुटुंबे विपुल आहेत आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही. पण आपल्या घरांतील मत्स्याहाराला नियम होता. सोमवारी नाही, एकादशीला नाही, श्रावणात नाही, कुलदेवतेच्या वारी नाही. वर्षभरात असे दिवस मोजले तर ते थोडे भरत नाहीत. त्या दिवसांसाठीच तर खतखते, मुगागाठी, ओल्या काजूगरांची उसळ, पिकलेल्या रायवळ आंब्याचे सासव, फोडणी घातलेली तोय असा सगळा संसार उभा राहिला. देवाच्या दिवसांनी आपल्या जिभेला केवळ आवर घातला असे नव्हे. त्यांनी अर्धे पाकशास्त्र निर्माण केले. पत्रकवाल्याला त्या अर्ध्या भागाचा पत्ताच नाही. आणि दुसऱ्या अर्ध्याचाही पत्ता नाही, असे आमचे म्हणणे आहे. मालवणचा माणूस स्वतः काय खातो? बांगडा, तारले, पेडवे, मुडदुशे, लेपे, कर्ली, खाडीतल्या तिसऱ्या. त्या दिवशी जाळ्यात जे आले ते. पाहुण्याला मात्र तीनच नावे शिकविलेली आहेत, आणि ती तीन बारा महिने हवीत.

त्या तीन नावांची किंमत कोण देतो हेही पाहा. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. लांबच लांब जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडायचे आणि वाळूवर उभ्या असलेल्या माणसांनी दोन्ही टोके ओढून आणायची. मिळेल ते वाटून घ्यायचे. ही एका घराची नव्हे, वाड्यावाड्यांची मजुरी. ह्याच रापणकरांचा पर्ससीन जाळ्यांशी आणि रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या नौकांशी कित्येक वर्षे संघर्ष चालला आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. केंद्राने २०१७ साली एलईडी दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. कायदा झाला. पण ज्या देशात मागणी खुली आणि पुरवठा तेवढा बेकायदा, तेथे कायद्याचे काय होते हे आम्ही रोज कोर्टात पाहतो. पाहुण्याच्या ताटातील मागणी बदलल्यावाचून समुद्रातील जाळे बदलेल, ही आशा आम्ही तरी बाळगीत नाही.

'येवा, कोकण आपलाच आसा' ही पाटी आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. वाक्य मोठे गोड आहे. परंतु 'आपलाच' या शब्दाचा अर्थ यजमान एक लावतो आणि पाहुणा दुसरा. यजमान म्हणतो, परके समजू नका, पानावर बसा. पाहुणा समजतो, कब्जा मिळाला! आणि मग तो किल्ल्याच्या तटावर आपले नाव कोरतो, पुळणीवर मोटार घालतो, घरमालकिणीला रात्री अकरा वाजता कोळंबी तळायला लावतो. बडोद्याची मंडळी यात मागे नाहीत, हे कबूल करताना आम्हांस संकोच वाटतो. एकीकडे सोळा वाट्यांची गुजराथी थाळी मालवणातही हवी असा हट्ट, आणि दुसरीकडे 'घरी चालत नाही ते येथे खाऊ' अशी चैन. या दोन्हींच्या मध्ये मालवणचे खरे पान ठेवायला जागाच उरत नाही.

आता करण्याच्या पाच गोष्टी. पॅराशूट, डॉल्फिन आणि बेट यांविषयी आम्हांस विशेष बोलायचे नाही. ज्याला उडायचे त्याने खुशाल उडावे. स्कुबाविषयी मात्र बोलले पाहिजे. सिंधुदुर्गाच्या भोवतीचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला; क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. तेथील खडकांवर प्रवाळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे त्याच अनुसूचीत प्रवाळही आहे. व्याघ्रप्रकल्पात जीपमधून उतरून वाघाच्या पाठीवर हात फिरवा, असे पत्रक कोणी छापील काय? पण पाण्याखाली जाऊन खडकावर पाय टेकवा, माशांना पाव चारा, छायाचित्र काढून घ्या, हे बिनदिक्कत छापले जाते. अभयारण्याला तेथील मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला. त्यांचे म्हणणे होते की आमच्या पोटावर पाय येतो. त्या विरोधाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. इतकेच विचारतो की ज्या पाण्यात पिढीजात कोळ्याने जपून जाळे टाकावे अशी अपेक्षा आहे, तेथे दोन दिवसांच्या पाहुण्याने कसे वागावे हे एका ओळीतही सांगू नये, हा कोठला न्याय?

आणि किल्ला! किल्ल्याला तासभर! २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याचे काम सुरू झाले आणि जो १६६७ साली उभा राहिला, तो कुरटे बेटावरचा जलदुर्ग तासाभरात 'होतो' म्हणे. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे, हे पत्रकात नाही. शिवराजेश्वराच्या मंदिरात छत्रपतींची मूर्ती देव म्हणून पुजली जाते, पूजाअर्चा अव्याहत चालते, आणि किल्ल्यात आजही कुटुंबे राहतात, हेही नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्ग आहे. पुढील आवृत्तीत पत्रकवाला तेवढे मोठ्या अक्षरांत घालील याची आम्हांस खात्री आहे. राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये महाराजांचा पुतळा उभारला गेला, तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि मे २०२५ मध्ये त्या जागी नवा उंच पुतळा आला. त्या पुतळ्यापुढे आता छायाचित्रांसाठी रांग लागते. ज्या खडकावर गणेश, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आहेत, ज्याची पूजा करून किल्ल्याचा पाया घातला गेला असे सांगतात, तो मोरयाचा धोंडा मात्र किनाऱ्यावर एकटा असतो. त्याच्यापाशी तिकीट नाही, म्हणून यादीत नाव नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल मागणे आम्हांस शोभणार नाही. ते म्हणतात, पर्यटनाने मालवणला पैसा दिला. खरे आहे. जो मुलगा मुंबईच्या गिरणीत गेला असता, आणि गिरण्या बंद पडल्यावर आणखी कोठे तरी गेला असता, तो आज घरच्या दोन खोल्या भाड्याने देऊन आईबापांजवळ राहतो. न्याहारी-निवासाच्या व्यवसायाने कित्येक घरांतील स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःचा पैसा आला. स्कुबाच्या होड्या चालविणारे बहुतेक तरुण मच्छीमारांच्याच घरचे. त्यांच्या उत्पन्नावर बडोद्यात पंख्याखाली बसून टीका करणे सोपे आहे, याची जाणीव आम्हांस आहे. परंतु आम्ही पाहुण्यांनी जाऊ नये असे कोठे म्हटले? जास्त दिवस जावे असे आमचे म्हणणे आहे! दोन दिवसांत दहा गोष्टी उरकणारा माणूस चार ठिकाणी पैसे टाकून निघून जातो. आठ दिवस एका घरी राहून तेथील पेज पिणारा माणूस त्या घराला अधिक देतो आणि गावाकडून अधिक घेतो. ज्या बाईला वर्षभर सुरमई तळण्याचे पैसे मिळतात तिला शिरवळ्या आणि नारळाचा रस करण्याचे मिळाले, खापरोळ्या, तवशाचे धोंडस, हळदीच्या पानातल्या पातोळ्या करण्याचे मिळाले, तर तिचे नुकसान कसे होते ते कोणी आम्हांस समजावून द्यावे.

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी, कारण हे मासिक देवळाशी नाते असलेल्या घरांत जाते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे वर्षा-दोन वर्षांनी कुलदेवतेच्या दर्शनाला मंगेशीला, म्हार्दोळला, कवळ्याला जातात आणि वाटेत मालवण करतात. देवीपुढे अभिषेकाची पावती, अर्धा तास, नारळ, फोटो; की लगेच मोटार समुद्राकडे. अग्रशाळेत एक रात्र राहावे, सायंकाळची आरती घ्यावी, प्रसादाच्या पंगतीत जमिनीवर मांडी घालून बसावे, ही गोष्ट मुलांच्या पिढीला 'गैरसोयीची' वाटते आणि आपण त्यांना विरोध करीत नाही. मग पत्रकवाल्याला दोष देण्याचा आपला अधिकार किती उरतो? त्याने देऊळ यादीत घेतले नाही. आपण तरी ते यादीतील एका ओळीइतकेच ठेवले ना?

मालवणचे पंचांग वाचणाऱ्याला तेथे काय करावे हे विचारावे लागत नाही. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरून आणि मग बंदरावरून समुद्राला नारळ वाहतात. त्या दिवशी बंदरावर नारळ लढवितात, बायकासुद्धा लढवितात, आणि ज्याचा नारळ फुटतो तो हसत हसत तो देऊन टाकतो. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी गावातून फिरते. बाजारपेठ, बंदर, वाड्या सगळ्या त्या दिवशी पालखीच्या वाटेवर असतात. गाव पाहायचे तर त्याहून चांगली वाट कोणी आखून देऊ शकणार नाही. मसुऱ्याच्या आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा भरते. तिची तारीख कोणत्याही छापील दिनदर्शिकेत आधी मिळत नाही, कारण ती देवीचा कौल घेऊन दरवर्षी ठरते. ज्याला दोन महिने आधी खोल्या राखून ठेवायच्या आहेत त्याची येथे पंचाईत होते, आणि ती व्हावी असेच आम्हांस वाटते; लाखो माणसांना एका तारखेसाठी थांबायला लावणारी सत्ता आता दुसरी कोणती उरली आहे? धामापूरचे भगवतीचे देऊळ आणि त्याच्या पायाशी १५३० साली बांधलेला तलाव पाहायला जावे. २०२० साली त्याला सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, पण तलाव त्याआधी सुमारे पाचशे वर्षे शेते भिजवीतच होता.

आणि दशावतार! कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्री उशिरा पेटी आणि मृदंग सुरू होतो. आधी संकासुराची गंमत होते, मग आख्यान लागते. हाती लिहिलेली संहिता नसते. पुरुषच लुगडे नेसून राणी होतात आणि आयत्या वेळी असे संवाद बोलतात की आमच्यासारख्या बोलण्यावर पोट भरणाऱ्याने मान खाली घालावी. पहाटे दहीकाला होतो. मधल्या वेळात बाहेर मांडलेल्या दुकानांतून गुळात घोळलेले, आल्याचा झटका असलेले खाजे कागदाच्या पुडीत घ्यावे. हे खाजे पत्रकवाल्याने 'न्यायच्या वस्तू' म्हणून खाली बारीक अक्षरांत दिले आहे. जत्रेच्या थंडीत, रात्री दोन वाजता, रंगमंचावर द्रौपदी रडत असताना ते खायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले दिसत नाही.

आम्ही मालवणविषयी एवढे तावातावाने लिहिले, त्याचे एक कारण बडोद्यातच आहे. आमच्या शहराच्याही याद्या निघतात. शेव-उसळ खा, लीला चिवडा घ्या, लक्ष्मीविलास राजवाडा पाहा, संपले. ती शेव-उसळ मराठी घरांच्या उसळीची नात आहे हे खाणाऱ्याला ठाऊक नसते. रावपुऱ्यातल्या तांबेकरवाड्यात एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत, कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची चित्रे आहेत, एकादशीला विठ्ठलाची स्वारी आजही रस्त्यातून निघते. येणारा पाहुणा हे न पाहता जातो आणि हळूहळू आमचीच मुले ते न पाहता मोठी होतात. दुसऱ्याने केलेली आपल्या गावाची यादी आपण खरी मानू लागतो, हा या प्रकारातील सर्वांत मोठा धोका. मालवणात तो अजून पुरता घडलेला नाही. तेथे अजून घरात पातोळ्या होतात.

यंदा श्रावणात आमच्या घरची सहा माणसे मालवणला निघत आहेत. किल्ला दुरूनच दिसेल, होड्या सुरू झालेल्या नसतील. स्कुबा नाही, सुरमई नाही. आमच्या स्नेह्यांनाही आम्ही पुन्हा चला म्हणून आग्रह केला आहे आणि त्यांनी अर्धा होकार दिला आहे. उतरण्याची सोय एका घरी केली. त्या घरच्या काकूंना फोन केला, तेव्हा त्यांनी किती माणसे, खोल्या किती, असे काहीच आधी विचारले नाही. पहिला प्रश्न आला तो असा : "तुमी श्रावण पाळतास काय?" आम्ही होय म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "मगे हळदीची पाना काढून ठेवतंय."